हातावरचं दही

आमच्या घरात कुणी कुणावर ओरडायचं नाही, असा नियम मुलगी दोन महिन्यांची व्हायच्या आतच झाला. तो पाळायला सगळ्यात अवघड मला गेला. माझ्या नाकावर राग असतो, हे कऱ्हाडला आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. नोकरीसाठी चेन्नईला आले, इथल्याच एका तंजावरी मराठी घराची सून झाले, वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये राहायला लागले, तरी आवाज कऱ्हाडचाच राहिला. तमिळ मला धड येत नाही, पण मी रागावले की भाजीवाल्याला सगळं समजतं.

मुलगी मात्र रडली की जांभळी पडायची. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद होती. ती रडली, तिने जोर केला, अगदी शी करताना कुंथली, तरी ती वाट आणखी आवळायची आणि अशुद्ध रक्त तसंच अंगभर फिरायचं. आधी ओठ, मग नखं, मग सगळा चेहरा काळवंडायचा. डॉक्टरांनी उपाय शिकवला होता. तिचे दोन्ही गुडघे तिच्या छातीशी दाबून धरायचे आणि श्वास सुरळीत होईपर्यंत सोडायचे नाहीत. हा उपाय मी कणकेच्या हातांनी केलाय, आंघोळीतून ओलेती धावत येऊन केलाय, मांबलम स्टेशनच्या जिन्यावर बसून, भोवती माणसं थांबून बघत असताना केलाय. दर वेळी मला वाटायचं, या खेपेला ही परत येत नाही. मग ती यायची आणि थकून झोपायची.

म्हणून ओरडायचं नाही. कुकरच्या शिट्ट्या बंद झाल्या, दाराची घंटा काढून टाकली, मिक्सर शेजारच्यांच्या घरी जाऊन फिरवायचा. भांडणं आम्ही नवरा-बायको जिन्यात जाऊन करायचो, कुजबुजत. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटायचं, काय या दोघांचं प्रेम आहे, अजून जिन्यात चोरून बोलतात. मी त्या वेळी त्याला 'तुला लग्न करायची अक्कल कुणी दिली' असं काहीतरी विचारत असायचे.

नवरा इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तयार माल तपासायचा हे त्याचं काम. ब्रेकच्या एखाद्या भागावर केसाएवढा ओरखडा दिसला, तर पेटीच्या पेटी परत पाठवणारा हा माणूस. घरी मात्र त्याला काही तपासता येत नव्हतं. तो मुलीच्या नखांचा रंग बघायचा, खिडकीशी नेऊन पुन्हा बघायचा, आणि काही न बोलता मला द्यायचा.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. अडाणी वगैरे मुळीच नाहीत. औषधाचे थेंब आमच्यापेक्षा त्या नीट मोजायच्या. पण त्यांचे काही नियम होते, आणि त्यांतला सगळ्यात पक्का हा की, घरातून बाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही-साखर पडलीच पाहिजे. माझी आईही द्यायची, पण परीक्षेला, नाहीतर लांबच्या प्रवासाला. इथे कोथिंबीर आणायला निघालं तरी दही. नवऱ्याची कंपनीची बस कोपऱ्यावर भोंगा वाजवत असायची आणि तो दारात तळहात चाटत उभा असायचा. मी यावरून खूप चेष्टा करायचे. दही संपलं तर चेन्नई बंद पडेल म्हणायचे. सासूबाई हसायच्या, आणि माझ्याही हातावर घालायच्या.

ऑपरेशन मुलीचं वजन आणखी थोडं वाढल्यावर करायचं ठरत होतं. पण एका सकाळी स्वयंपाकघरातच ती अशी काळी पडली की गुडघे दाबूनही बराच वेळ रंग परतेना. खालच्या मजल्यावरच्या माणसाची गाडी घेऊन आम्ही तसेच निघालो. नवऱ्याच्या पायांत चपला नव्हत्या. हॉस्पिटलात तिला ठेवून घेतलं आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आता वजनासाठी थांबण्यात अर्थ नाही, पहिल्या मोकळ्या सकाळी करू. ते स्वतः त्या आठवड्यानंतर परदेशी जाणार होते. म्हणजे हीच सकाळ, नाहीतर दुसरे डॉक्टर, नाहीतर वाट बघणं. वाट बघायला तिच्याकडे वेळ होता की नाही, हे कुणीच छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं.

सासूबाई दुपारी सामान घेऊन आल्या. मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, पोर दही न घेता घराबाहेर पडली. संध्याकाळी पुन्हा म्हणाल्या. रात्री घरी जाताना तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा मी कुजबुजतच त्यांच्या अंगावर गेले, की अम्मा, तिच्या हृदयाला भोक आहे, दह्याचं काय घेऊन बसलात. त्या पर्स उचलून निघाल्या. मला वाटलं, विषय मिटला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने तिघांनाही समोर उभं करून तमिळमध्ये नीट सांगितलं होतं. पहाटे शेवटचं अंगावरचं दूध, त्यानंतर तोंडात काही नाही. सासूबाईंनी मान डोलावली, मला त्याचं मराठी करूनही सांगितलं. मी पहाटे पाजलं. पाजताना मनात येऊ नये ते येत होतं, की हे शेवटचंच असलं तर. मग ती झोपली. नवऱ्याला रक्तपेढीत बोलावलं होतं. मी आल्यापासून अंगावर पाणी घेतलं नव्हतं, अंगाला आंबूस वास येत होता. सासूबाई म्हणाल्या, जा, मी आहे. त्यांच्या मांडीइतकी भरवशाची जागा जगात दुसरी नव्हती. मी गेले.

परत आले तेव्हा ती जागी होती, आणि मजेत होती. जीभ ओठांवरून फिरवत होती. मी पापा घ्यायला वाकले आणि तो आंबूस वास पुन्हा आला. आता तो माझा नव्हता. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं होतं.

"अम्मा, काय दिलंत तिला?"

"दही दिलों, बोटभर," त्या शांतपणे म्हणाल्या. "आवडीनें चाटली, म्हणून आणखी दोन बोटें. खायला नव्हे गं तें. निघतांना देतात तें."

लपवलं काहीच नव्हतं. डबी शेजारीच होती, लहानशी, स्टीलची. घरी विरजण लावून, साखर घालून, पर्समध्ये सरळ धरून आणलेली. त्यांच्या हिशेबात खाणं वेगळं आणि हे वेगळं. एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारी ही बाई देवळातलं तीर्थ घेते, आणि त्याने उपास मोडला असं तिला कधी कुणी म्हटलेलं नाही. नर्सने खाऊ घालू नका सांगितलं, त्यांनी खाऊ घातलं नव्हतं. त्यांनी नातीला निरोप दिला होता. हे सगळं मला आता समजतं. तेव्हा मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. अगदी हात उचलावासा वाटला. आणि ओरडताही येत नव्हतं, कारण मुलगी माझ्याकडे बघून हसत होती.

नवरा आला. मी त्याला जिन्यात ओढत नेलं आणि सांगितलं. तो भिंतीला टेकला. मग कुजबुजत म्हणाला, सांगूं नको. आज ढकललं तर पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही, डॉक्टर जातील, आणि त्या सकाळसारखं पुन्हा झालं तर ती तोवर राहणार नाही. बोटभर दही, ते केव्हाच जिरलं असेल.

"कारखान्यात हा माल तू पास केला असतास?" मी विचारलं.

"तिकडे दुसरा माल असतो," तो म्हणाला. "आपल्याला दुसरी नाही."

तो खोटं बोलत नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं लहानपणापासून ऐकलं होतं, कशाकशाला म्हटलंही होतं, पण ते पोटच्या पोरीच्या बाबतीत असं समोर येईल असं कुणाला वाटतं. पोटात काही असताना भूल दिली तर काय होतं, ते मी फोनवर वाचलं होतं. भूल द्यायला उशीर झाला तर काय होतं, ते मी घरी रोज बघत होते. दोन्हीकडे तीच होती. मी जिन्यात बसून राहिले आणि मला एवढंच वाटत होतं, की कुणीतरी मोठ्या माणसाने यावं आणि हे माझ्या हातातून काढून घ्यावं. आम्हीच मोठी माणसं होतो.

भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या तेव्हा आम्ही तिघंही पलंगाभोवती होतो. त्यांनी मुलीच्या पायाचा अंगठा हलवून तिला हसवलं, छाती तपासली, आणि शेवटचं कधी पाजलं ते विचारलं. नवऱ्याने सांगितलं, पहाटे, आईचं दूध. त्याचा आवाज सरळ होता. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मुलाने दह्याचं का सांगितलं नाही, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात यायला लागलं असावं, कारण त्यांचा हात एकदम पर्सवर गेला. डॉक्टर वळल्या. माझ्या तमिळमधलं वाक्य जुळेना. एकच शब्द आला.

"तयिर," मी म्हणाले. दही. मग इंग्रजीत, "आत्ता. थोडा वेळ झाला."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. किती, केव्हा, एवढंच विचारलं, आणि म्हणाल्या, सांगितलंत ते चांगलं केलंत. भुलीत ते वर येऊन फुप्फुसात उतरलं असतं तर या मुलीला ते सोसलं नसतं. आता थांबावं लागेल, हिला यादीत शेवटी घेऊ, पण आजच घेऊ असं बघते. नवऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आमच्या जागी पलीकडच्या पलंगावरच्या मुलाला नेलं. त्याची आई जाताना माझ्याकडे बघून ओशाळं हसली, जणू तिनेच आमचा नंबर चोरला होता.

मग ती दुपार. तिच्याबद्दल मला लिहायचं नव्हतं. मुलगी भुकेजली. तिला पाजायचं नाही, आणि रडवायचंही नाही. माझ्या अंगावरचं दूध ब्लाउजमधून गळत होतं, आणि त्या वासाने ती माझ्याकडे झेपावत होती, म्हणून मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. माझं मूल भुकेलं, मी भरलेली, आणि मधे खोली. नवरा तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होता, गाणी म्हणत होता, गाणी संपली तेव्हा कारखान्यातल्या भागांची नावं त्याच चालीवर म्हणत होता. सासूबाई बाहेर खुर्चीवर बसून होत्या. त्यांना कुणी आत बोलावलं नाही. मी तर नाहीच.

इतका वेळ उपाशी राहिली तर अंगातलं पाणी कमी होईल, म्हणून सलाइन लावायला आले. शीर सापडेना. एका हातात टोचलं, मग दुसऱ्या, मग पायात. नर्स वाईट नव्हती, घाबरलेली होती. मुलगी रडायला लागली, आणि मला त्या रडण्याचा अर्थ कळला. मी खोली ओलांडून धावले, गुडघे धरले, छातीशी दाबले. ओठ गेले, नखं गेली. मी दाबत राहिले. चेहरा गेला. आवाज थांबला. तिचं अंग माझ्या हातात सैल पडलं, आणि मी तरीही दाबत होते, तेव्हा कुणीतरी माझे हात उघडून तिला काढून घेतलं. धावपळ, ऑक्सिजन, इंजेक्शन, पलंगाची चाकं. इतक्या महिन्यांनी मी त्या दिवशी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नवरा म्हणतो, नुसतं "मी सांगितलं, मी सांगितलं" म्हणत होतीस.

तिला तसंच ऑपरेशनला नेलं.

बाहेर आम्ही तिघं एका ओळीत बसलो. नवरा माझ्याकडे बघत नव्हता. त्याला काय वाटत होतं ते मला त्याच्या मानेवरून वाचता येत होतं. मी गप्प बसले असते तर ती सकाळीच टेबलावर गेली असती, ही सुई टोचली नसती, हे झालं नसतं. मी सासूबाईंकडे बघत नव्हते. आणि त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, डोळे उघडे ठेवून जप करत होत्या. मी ज्योतिबाला साकडं घातलं. माझं आयुष्य घे म्हटलं, मग वाटलं, मी मेले तर हिला पाजणार कोण, म्हणून ते मागे घेतलं, अर्धं घे म्हटलं. मग त्यालाच शिव्या दिल्या. मग माफी मागितली, न जाणो. आतून कुणी आलं की तिघंही उठायचो, ते दुसऱ्याच कुणाला तरी शोधत असायचे, तिघंही बसायचो. नवऱ्याला चहा आणायला सांगावा तर तो गेलेल्या वेळात दार उघडायचं, म्हणून कुणी हललं नाही.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ती आहे. भोक बुजवलं, वाट मोठी केली. आता दोन दिवस बघू.

काचेतून बघू दिलं. नळ्यांच्या मधे ती होती, आणि तिची नखं गुलाबी होती. मी तिची तशी नखं कधी पाहिली नव्हती. नवरा रडला, माझा हात धरून रडला, आणि मला वाटलं, संपलं, यातून आम्ही सुटलो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, नळी काढल्यावर, नर्सने तिच्या उजव्या मुठीत बोट दिलं, तिने घट्ट धरलं. डाव्या मुठीत दिलं, ते तिने धरलं नाही. नर्सने पुन्हा दिलं. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

मेंदूला थोडा वेळ रक्त पुरलं नव्हतं. केव्हा, ते त्यांना सांगता येईना. त्या दुपारी असेल, ऑपरेशनमध्ये असेल, त्याआधी घरी कधी असेल. मी त्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठून विचारलं, की मी सांगितलं नसतं तर. त्या म्हणाल्या, कदाचित काही झालं नसतं. कदाचित ती टेबलावरच गेली असती. हे कुणी सांगू शकत नाही, आणि तुम्हाला कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

घरी आल्यावर आवाज परत आले, कुकर आला, मिक्सर आला. पण नवरा आणि मी जिन्यात जायचो ते बंद झालं. एकदाच तो म्हणाला, तू सांगितलं नसतंस तर, आणि थांबला. मी म्हटलं, पुरं कर वाक्य. त्याने केलं नाही. सासूबाई रोज सकाळी नातीचा डावा हात मांडीवर घेऊन तेल चोळतात, बोटं एकेक उघडून. व्यायाम शिकवणारी मुलगी येते, तिच्यापेक्षा जास्त वेळ चोळतात. त्या दिवसाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मीही काढलं नाही. मी ते साठवून ठेवलं होतं. त्यांनी एकदा चूक कबूल करावी, मग मी काय काय बोलणार, ते माझं तोंडपाठ होतं.

मुलगी आता तीन वर्षांची झाली. धावते, नाचते, तोंडाळ आहे, माझ्यावर गेलीय. काही करायला बसली की उजव्या हाताने डावा हात उचलून बाजूला ठेवते, खुर्चीवरचं मांजर उचलून ठेवावं तसा. परवा सकाळी तेल लावून घेता घेता तिने आजीला विचारलं, पाट्टी, हा हात का झोपतो. नवरा कॉफीचा पेला हातात घेऊन तिथेच उभा होता. मी डबा भरत होते.

"माझ्यामुळें, कण्णा," सासूबाई म्हणाल्या. "मी चुकलों."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते आलं. तोंडपाठ केलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. त्यांना माफ करावं असं मला वाटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही वाटत नाही. पण मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते वाक्य तिच्यात तसंच मुरून राहणार होतं, हे मला दिसलं.

"पाट्टीमुळे नाही," मी म्हणाले. "तुझं ऑपरेशन सकाळी व्हायचं होतं. ते मी थांबवलं."

"का?" तिने विचारलं.

नवऱ्याने पेला खाली ठेवला. मी त्याच्याकडे न बघता तिला सांगितलं.

"तू जगावीस म्हणून."

तिला ते पटलं असावं, किंवा तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. तिने डावा हात उचलून पुन्हा आजीच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंना तेलाची वाटी दिसत नव्हती, त्या नुसत्याच चाचपत होत्या. नवरा खाली बसला आणि त्याने ती त्यांच्या हाताशी सरकवली.